गायीचा ढेकर आणि गाडीचा धूर

जनावरांमुळे हवामान बदलतं का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, काही प्रमाणात बदलतं. पण 'किती?' असं कुणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी आपणच उलट विचारायला हवं, की मोजायचं कसं? दर जनावरामागे, दर लिटर दुधामागे, दर माणसामागे की दर देशामागे? पुढच्या वीस वर्षांचा परिणाम धरायचा की शंभर वर्षांचा? पद्धत बदलली की आरोपी बदलतो. एका पद्धतीने अमेरिकेतली धिप्पाड होल्स्टीन गाय दोषी ठरते, दुसरीने मराठवाड्यातल्या गोठ्यातली दीड-दोन लिटर दूध देणारी गाय.

हा मुद्दा ज्या पुस्तिकेने खणखणीतपणे मांडला, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी लिहिलेली 'ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड' ही पुस्तिका १९९१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने काढली. 'पर्यावरणीय वसाहतवादाचा एक नमुना' अशा अर्थाचं तिचं उपशीर्षक होतं. हवामानाच्या राजकारणावर लिहिणारे लोक आजही तिचा हवाला देतात. आपल्याकडे तर तिच्यातली एक कल्पना सरकारी भाषेचा भाग झाली आहे. पण हवाला देणारे जितके, तितके ती बारकाईने वाचणारे नाहीत. माझं म्हणणं असं, की पुस्तिकेने विचारलेला प्रश्न आजही सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण तिने दिलेलं उत्तर, निदान मिथेनच्या बाबतीत, आज जसंच्या तसं वापरता येत नाही. आणि भारतात ते ज्या पद्धतीने वापरलं जातं, ते त्या प्रश्नाशीच बेइमानी करणारं आहे.

आधी मिथेनबद्दल थोडं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरं. त्यांच्या पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा-गवत आंबवतात. आपल्याला जे पचत नाही ते यांना पचतं ते या जिवांमुळे. या आंबण्यात हायड्रोजन तयार होतो. तो साठत गेला तर आंबणंच मंदावेल. तिथलेच काही सूक्ष्मजीव तो हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात, आणि जनावर तो बहुतांश तोंडावाटे, ढेकरेतून बाहेर टाकतं. विनोद सगळे पादण्यावर होतात, पण खरा मामला ढेकरेचा आहे. खाल्लेल्या वैरणीतल्या ऊर्जेचा साधारण सहा टक्के भाग असा हवेत जातो. निकृष्ट, चोथट चारा असेल तर जास्त. हा सहा टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी तो परत लागेल.

आता १९९० सालात जाऊ. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने आपल्या १९९०-९१ च्या अहवालात देशांची एक क्रमवारी दिली. कोणता देश तापमानवाढीला किती जबाबदार, याचा तो निर्देशांक होता. पहिल्या पाचांत अमेरिका आणि सोव्हिएत संघाबरोबर ब्राझील, चीन आणि भारत होते. ब्राझील जंगलतोडीमुळे, भारताच्या नावावर कोळशाबरोबरच भातखाचरं आणि गुरं यांचा मिथेन मोठ्या प्रमाणावर लावलेला होता. रिओची परिषद तोंडावर होती. तापमानवाढीत गरीब देशांचा वाटा श्रीमंतांच्या बरोबरीचा आहे, असा निष्कर्ष त्या यादीतून सहज निघत होता.

अग्रवाल आणि नारायण यांनी त्या अहवालाचं गणित उघडून दाखवलं. समीक्षा कशी करावी याचा तो धडाच आहे. त्यांनी नुसता 'हे अन्यायकारक आहे' असा सूर लावला नाही. आकडे कुठल्या पायरीवर वळवले गेले ती पायरी शोधली.

ती पायरी अशी. जग जेवढा वायू सोडतं तेवढा सगळा हवेत राहत नाही. समुद्र, जंगलं, माती आणि वातावरणातल्या रासायनिक क्रिया त्यातला बराच भाग शोषून किंवा मोडून टाकतात. तापमानवाढीला कारण ठरतो तो उरलेला भाग. मग प्रश्न येतो, की ही निसर्गाची माफी कोणाच्या खात्यावर जमा करायची? इन्स्टिट्यूटने ती प्रत्येक देशाला त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात दिली.

एखाद्या वाड्यातली सामाईक मोरी डोळ्यांसमोर आणा. दहा बिऱ्हाडं आहेत. एक बिऱ्हाड रोज शंभर बादल्या पाणी ओततं, बाकीची दहा-दहा. मोरी निम्मं पाणी वाहून नेते, उरलेलं अंगणात तुंबतं. आता हिशेब करणारा म्हणाला, शंभरवाल्याला पन्नास बादल्या माफ, दहावाल्यांना पाच-पाच माफ, उरलेल्याची जबाबदारी प्रत्येकाची. दिसायला सरळ आहे. पण मोरी सगळ्यांची मानली, तर जो जास्त ओततो त्याला जास्त मोरी का? मोरीचा वाटा माणशी धरला, तर दहा बादल्यावाली बिऱ्हाडं जवळपास आपल्या वाट्याएवढंच ओततात. अंगणातलं जवळपास सगळं पाणी एकाच्या दारी जातं.

पुस्तिकेने हेच केलं. निसर्गाची शोषणक्षमता लोकसंख्येनुसार वाटली. त्या हिशेबात भारत आणि चीन आपल्या वाट्याच्या आत आले, आणि आरोपींच्या यादीतून बाहेर पडले. आकडे तेच, वायू तेच. बदलली ती फक्त माफीची वाटणी.

पुस्तिकेने दुसरा प्रश्न विचारला तो मिथेनबद्दल. पोट भरण्यासाठी भात लावणाऱ्या आणि बैल पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोठमोठ्या गाड्यांचा धूर, हे एकाच तागडीत कसे तोलायचे? एक जगण्यासाठीचं उत्सर्जन, दुसरं चैनीचं. हा भेद पुढे १९९३ मध्ये हेन्री शू या तत्त्वज्ञाने आपल्या निबंधात तपशिलात मांडला, आणि हवामान-न्यायावरच्या लिखाणात तो कायमचा आला.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या खरेपणाची. भारतीय भातखाचरांचा मिथेन वर्षाला जवळपास ३८ दशलक्ष टन असावा, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज होता. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर ठिकठिकाणी प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा तो साधारण ४ दशलक्ष टन निघाला. जवळपास दहापट फरक. दुसरीकडच्या पाणथळ खाचरांवरून काढलेला दर आपल्या पावसावरच्या, अधूनमधून कोरड्या पडणाऱ्या खाचरांना लावला, की असं होतं. इथे कुणाचा कट होता असं मानायची गरज नाही. ज्याच्याकडे मोजमापं असतात त्याच्या शेतावरून जगाचं शेत ठरतं, एवढंच.

इथपर्यंत मी पुस्तिकेच्या बाजूने आहे. आता तिच्या कच्च्या बाजू.

पहिली अडचण विज्ञानाची आहे. सामाईक मोरीची उपमा कार्बन डायऑक्साइडला बऱ्यापैकी लागू पडते, मिथेनला कमी. कार्बन डायऑक्साइड साठत जातो; आज सोडलेल्याचा काही भाग हजार वर्षांनीही हवेत असेल. मिथेनचं आयुष्य साधारण बारा वर्षांचं. हवेतलं हायड्रॉक्सिल नावाचं अतिक्रियाशील संयुग त्याला मोडतं. हवेत मिथेन जितका जास्त, तितका दरवर्षी जास्त मोडला जातो. म्हणजे ही मोरी ठरावीक मापाची नाही, पाणी वाढलं की तिचा वाहण्याचा वेगही वाढतो. मग 'माणशी मिथेन-मोरी' असं पक्कं माप काढता येत नाही. पुस्तिकेने मिथेनला कार्बन डायऑक्साइडच्या साच्यात बसवलं. त्या काळात जवळपास सगळेच तसं करत होते, हे खरं. आयपीसीसीच्या १९९० च्या पहिल्या अहवालाने शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनला २१ पट धरलं, वीस वर्षांच्या हिशेबात ६३ पट. ताज्या, सहाव्या अहवालात जनावरांच्या मिथेनसाठी हे आकडे साधारण २७ आणि ८० आहेत. मुदत लहान धरली की जनावर मोठं गुन्हेगार दिसतं. मुदत वाढवली की कोळसा. ही मुदत निसर्ग ठरवत नाही, आपण ठरवतो.

दुसरी अडचण भागाकाराची. पुस्तिका 'दर माणशी' हा एकच छेद न्याय्य मानते. देशांच्या भांडणात तो बरोबर आहे. पण दुधाच्या धंद्यात लोक वेगळाच छेद वापरतात, आणि तिथे भारतीय जनावराची बाजू पडते. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतले ढोबळ दर बघा. उत्तर अमेरिकेतली दुभती गाय वर्षाला १२८ किलो मिथेन सोडते, भारतीय उपखंडातली ५८ किलो. दर जनावरामागे आपली गाय निम्म्याहून कमी. पण त्याच तक्त्यात अमेरिकी गायीचं वर्षाचं दूध ८,४०० किलो धरलंय, आपल्या गायीचं ९००. भागाकार करा. तिकडे किलोभर दुधामागे १५ ग्रॅम मिथेन, इकडे ६४ ग्रॅम. एका वाक्यात निर्दोष ठरलेली गाय दुसऱ्या वाक्यात चौपट दोषी.

यातलं खरं कोणतं? दोन्ही. फक्त दोन प्रश्न वेगळे आहेत. दर लिटरचा हिशेब असं धरून चालतो, की गाय म्हणजे दूध करायचं यंत्र. आपल्याकडच्या गायीचं तसं नव्हतं. ती दूध द्यायची, शेण द्यायची, शेणाच्या गोवऱ्या व्हायच्या, खत व्हायचं, आणि तिचा गोऱ्हा मोठा होऊन औत ओढायचा. या सगळ्याला शून्य भाव लावून सगळा मिथेन दुधाच्या माथी मारला, तर आकडा फुगणारच. तिच्या वाट्याला आलेली वैरणही बहुधा पिकाचा उरलेला पाला-कडबा, माणसाच्या ताटातलं धान्य नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. जिथे गाय खरंच फक्त दुधासाठी ठेवली जाते, तिथे दर लिटरचा हिशेब टाळता येत नाही. पुढे मी भारताबद्दल जे म्हणणार आहे, त्याचा पाया हाच आहे.

त्याआधी न्यूझीलंडला जाऊन येऊ, कारण १९९० चं भांडण तिथे नव्या कपड्यांत परत आलंय.

ऑक्सफर्डच्या माइल्स ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात मिथेन मोजायची एक नवी पद्धत मांडली. तिला 'जीडब्ल्यूपी स्टार' म्हणतात. मूळ विचार पटण्यासारखा आहे. मिथेन टिकत नाही, म्हणून एखाद्या कळपाचा मिथेन वर्षानुवर्षं तेवढाच राहिला, तर जुना मोडतो तेवढाच नवा येतो, आणि तापमान त्यामुळे फारसं आणखी वाढत नाही. कळप वाढला की तापमान झटकन वाढतं, घटला की उतरतं. शंभर वर्षांची जुनी पद्धत हे दाखवत नाही. नवी दाखवते. तिच्या रूढ सूत्रात यंदाच्या मिथेनला १२८ ने गुणायचं आणि त्यातून वीस वर्षांपूर्वीच्या मिथेनचे १२० पट वजा करायचे. येतं ते कार्बन डायऑक्साइडच्या भाषेतलं उत्तर.

दोन काल्पनिक देश घेऊ. पहिल्याचा मिथेन वीस वर्षांपूर्वी १०० होता, आजही १०० आहे. दुसऱ्याचा १० होता, आज १५ झाला. जुन्या पद्धतीने, २८ पट धरून, पहिल्याच्या नावावर २,८०० आणि दुसऱ्याच्या नावावर ४२०. नव्या पद्धतीने पहिल्याचे १२,८०० वजा १२,००० म्हणजे ८००. दुसऱ्याचे १,९२० वजा १,२०० म्हणजे ७२०. जवळपास बरोबरी! आता पहिल्याने कळप थोडा कमी करून १०० चे ९० केले असं धरा. त्याचं उत्तर येतं उणे ४८०. म्हणजे जो देश अजूनही दुसऱ्याच्या सहापट मिथेन सोडतोय, तो कागदावर वातावरण थंड करणारा ठरतो. आणि जिथे दहा घरांत नव्याने म्हैस आली, तो देश तापवणारा.

गणितात चूक नाही. आजपासून पुढे तापमान किती बदलेल, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर बरोबर आहे. पण 'आतापर्यंत कुणी किती तापवून ठेवलं आणि कुणी किती जागा अडवून ठेवली', हा प्रश्न असेल तर ही पद्धत वीस वर्षांपूर्वीच्या कळपाला हक्क मानून बसते. योएरी रोगेल आणि कार्ल-फ्रिडरिश श्लॉयस्नर यांनी २०१९ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. ॲलन-पक्षाचं उत्तर असं, की दोष मापनपद्धतीचा नाही, ती कशासाठी वापरता याचा आहे. मला ते उत्तर पटतं. पण मग ती कशासाठी वापरली जातेय हे बघायला हवं.

न्यूझीलंडच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा जवळपास निम्मा. २०१९ च्या कायद्याने तिथे जनावरांच्या आणि कचऱ्याच्या मिथेनसाठी वेगळं लक्ष्य ठेवलं: २०१७ च्या तुलनेत २०५० पर्यंत २४ ते ४७ टक्के घट. पुढच्या सरकारने 'आणखी तापमानवाढ नको' एवढाच निकष धरला तर किती घट पुरेल, हे तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये लक्ष्य १४ ते २४ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. काही हवामान-शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी तिथल्या पंतप्रधानांना उघड पत्र लिहून या विचाराला विरोध केला होता. 'आणखी नको' हे वाक्य ऐकायला किती समंजस वाटतं! पण जो आधीच अंगणभर पाणी ओतून बसलाय तो 'आता आणखी ओतणार नाही' म्हणाला, तर आधीचं पाणी कुणाचं?

इथे अग्रवाल-नारायण यांची पुस्तिका परत खरी ठरते, आणि तीही तिच्या कच्च्या विज्ञानासकट. मिथेनची मोरी ठरावीक मापाची नसली, तरी दरवर्षी निसर्ग जो मिथेन मोडतो, तो मोडण्याचा फायदा कुणाच्या खात्यावर जातो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. 'जीडब्ल्यूपी स्टार' देशाच्या पातळीवर वापरली, की तो फायदा ज्याने वीस वर्षांपूर्वी जास्त सोडला त्याच्याकडे जातो. १९९० च्या निर्देशांकातही शोषणाची माफी ज्याने जास्त सोडलं त्यालाच जास्त मिळाली होती. मधली पस्तीस वर्षं विज्ञान सुधारलं, वाटणीची सवय मात्र तीच राहिली. परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी कुणी 'मिथेन काय, बारा वर्षांत जातो' असा युक्तिवाद ऐकला, तर त्याला एकच विचारावं: मग गरीब देशांनाही तुमच्याएवढा कळप वाढवून मग स्थिर करायची मुभा आहे का?

आता आपल्या घरात येऊ.

ग्लासगोच्या परिषदेत २०२१ मध्ये जागतिक मिथेन प्रतिज्ञा पुढे आली. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत जगाचा मिथेन ३० टक्क्यांनी कमी करायचा. भारताने तिच्यावर सही केलेली नाही. कारण सांगताना सरकारने संसदेत जी भाषा वापरली ती थेट १९९१ च्या पुस्तिकेतून आलेली आहे: आमचा मिथेन मुख्यतः गुरांचा आणि भाताचा, तो लहान शेतकऱ्यांचा, ते जगण्यासाठीचं उत्सर्जन आहे, चैनीचं नाही. देशांच्या वाटाघाटीत मला ही भूमिका गैर वाटत नाही. भारताच्या शेतीतल्या हरितगृह वायूंपैकी निम्म्याहून अधिक जनावरांच्या पोटातून येतात, आणि ती जनावरं बहुतांशी दोन-चार जनावरांच्या गोठ्यांत आहेत.

पण पुस्तिकेतलं जनावर आणि आजचं जनावर एकच आहे का? १९९१ च्या युक्तिवादाच्या मध्यभागी होता औत ओढणारा बैल. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातली नर गोवंशाची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींवर आली. गायी मात्र १८ टक्क्यांनी वाढल्या. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली. देशाचं दूध १९९०-९१ मध्ये ५.४ कोटी टन होतं, ते २०२३-२४ मध्ये जवळपास २४ कोटी टन झालं. नगर-पुण्याच्या पट्ट्यात एचएफ आणि जर्सीच्या संकरित गायी मुक्त गोठ्यात ठेवून, पेंड आणि मुरघास विकत घेऊन दूध काढलं जातं. हा धंदा आहे, आणि कष्टाचा धंदा आहे. पण त्याला 'जगण्यासाठीचं' म्हणायचं की नाही, हे गोठा कुणाचा आणि दूध कुणाच्या ताटात, हे पाहून ठरवावं लागेल. देशाच्या नावावर एकच शिक्का मारून ते ठरत नाही. पुस्तिकेने गाय आणि गाडी यांतला फरक देशांच्या सीमेवर विचारला. तोच प्रश्न बीडची शेतकरीण आणि पुण्यातली मोठी एसयूव्ही यांच्यात विचारायला तिने आपल्याला मनाई केलेली नाही. आपणच विचारत नाही.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायींच्या कत्तलीवर बंदी होती, प्रमाणपत्र असेल तर बैल-वळूंना परवानगी मिळे. मार्च २०१५ पासून बंदी त्यांनाही लागू झाली. या कायद्याच्या धार्मिक-राजकीय बाजूवर भरपूर लिहिलं गेलंय; मी फक्त हिशेबाबद्दल बोलतोय. पूर्वी म्हातारा बैल बाजारात जायचा, आलेल्या पैशांत भर घालून नवा यायचा. आता तो विकला जात नाही, आणि कडबा तर रोज लागतो. परवडेनासा झाला की दावं सुटतं. २०१९ च्या गणनेत देशात पन्नास लाख मोकाट गुरं नोंदली गेली. भाकड जनावराच्या ढेकरेतून जो मिथेन जातो, त्यावर कुणाचंही जगणं उभं नाही. उलट, त्याचा चारा शेतकऱ्याच्या जगण्यातून वजा होतो. मग हे उत्सर्जन जगण्याचं, चैनीचं, की कायद्याचं? पुस्तिकेच्या दोन कप्प्यांत याला जागाच नाही. आणि 'आमचा मिथेन जगण्याचा' असं म्हणणारं सरकार हा तिसरा कप्पा उघडायला तयार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. 'जगण्यासाठीचं उत्सर्जन' हे शब्द वाटाघाटीत ढाल म्हणून आले, पण घरी येऊन झाकण झाले. मिथेनचा विषय काढला की तो शेतकऱ्याच्या विरोधातलाच असणार, असं आपण धरून चालतो. आता तो सुरुवातीचा सहा टक्क्यांचा आकडा आठवा. ढेकरेतून जाणारी ऊर्जा ही शेतकऱ्याने विकत घेतलेली पेंड आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गावोगावी संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला, त्याचा हेतू दूध वाढवणं आणि खाण्यावरचा खर्च कमी करणं हा होता. लिटरमागचा मिथेन त्याबरोबर आपोआप कमी होतो. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बेंगळुरूच्या संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलं, त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटतो असं संस्था सांगते. म्हणजे शेतकऱ्याचं हित आणि मिथेनची घट एकाच गव्हाणीत भेटू शकतात. प्रश्न फक्त पैशाचा उरतो. दुधाला भाव मिळत नाही म्हणून जो शेतकरी रस्त्यावर दूध ओततो, त्याने हवामानासाठी खिशातून पूरक खाद्य आणावं अशी अपेक्षा करणं क्रूर आहे.

पैसा कुणी द्यायचा याचं उत्तरही त्या पुस्तिकेतच आहे, आणि तेवढं पान मात्र कुणी उद्धृत करत नाही. ज्यांनी आपला वाटा पूर्ण वापरला नाही, त्यांना तो विकता यावा आणि ज्यांनी ओलांडला त्यांनी मोजावेत, असं अग्रवाल आणि नारायण सुचवतात. ही कल्पना देशांसाठी होती. तीच गोठ्यापर्यंत आणली, तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला कुणी 'तू निर्दोष आहेस' असं प्रमाणपत्र देऊन मोकळं होणार नाही. तिचा न वापरलेला वाटा तिची मालमत्ता ठरेल, आणि चांगल्या खाद्याचा खर्च तो वाटा ओलांडणाऱ्यांकडून येईल. ओलांडणारे न्यूझीलंडात आहेत, अमेरिकेत आहेत, आणि पुण्या-मुंबईतही आहेत.

पुस्तिका लहान आहे, एका बैठकीत वाचून होते. वाचाल तेव्हा 'जगण्यासाठी' आणि 'चैनीसाठी' या प्रसिद्ध शब्दांपाशी थांबू नका. आधीची पानं वाचा, जिथे ते दोघे एका मोठ्या संस्थेचा तक्ता समोर ठेवून ओळीमागून ओळ विचारत जातात, की हा आकडा कशाने भागलाय, आणि हाच छेद का. पुढच्या वेळी गायीला किंवा म्हशीला कुणी दोषी ठरवलं, किंवा निर्दोष सोडलं, तर तोच प्रश्न त्या तक्त्याला विचारा. तक्ता परदेशी असो, नाहीतर आपल्याच सरकारचा.